बराकीतल्या बायकांची दखल घ्या

मी उज्जैनच्या नानाखेड्यात राहते. इथल्या भैरवगढ तुरुंगाचा विषय निघाला की डोळ्यांपुढे कैदी म्हणून पुरुषच येतो. देशातल्या १०० कैद्यांत बायका जेमतेम ४. म्हणून बहुतेकींच्या वाट्याला पुरुषांच्या तुरुंगातलाच एखादा कोपरा. डॉक्टरीण, पॅड, कामाचं शिक्षण यांचा विचार सगळ्यात शेवटी. हे मला अजिबात मान्य नाही.

पण नुसती वेगळी इमारतही पुरत नाही. जून २०१७ मध्ये मुंबईच्या भायखळा महिला तुरुंगात कैदी मंजुळा शेट्ये मारहाणीनंतर दगावल्या. निमित्त काय, तर २ अंडी आणि ५ पाव कमी भरले! या प्रकरणी अटक झालेल्या सहाही जणी तुरुंगाच्याच कर्मचारी होत्या.

म्हणूनच न्यायाधीशांनी दर महिन्याला महिला बराकीत जावं आणि पहारेकरी बाहेर ठेवून त्या बायकांचं ऐकावं.