संगणक घरी जुळवताना : पैसा कुठे घालावा, कुठे राखावा



सोयाबीन विकले, कापसाचा दुसरा वेचा झाला, की घरात चार पैसे येतात आणि मागण्याही पुढे येतात. विहिरीवरचा पाइप बदलायचा असतो, घराचे पत्रे बदलायचे असतात. आता त्यात आणखी एका मागणीची भर पडली आहे. मुलगा किंवा मुलगी म्हणते, "मला गेमिंगचा संगणक हवा. तयार नको, सुटे भाग आणून मीच जोडीन."

वडिलांना वाटते, खेळासाठी एवढा खर्च कशाला? मुलाला वाटते, माझे कुणी ऐकूनच घेत नाही. घ्यायचा की नाही ते घरातल्यांनी बसून ठरवावे. मात्र पीककर्जाचा पैसा यात घालू नये. आणि घ्यायचे ठरलेच, तर घामाचा पैसा वाया जाऊ नये, एवढ्यासाठी हा लेख.

खतांच्या बाबतीत आपण एक नियम नेहमी सांगतो. पिकाला बाकी सारे भरपूर दिले आणि एकच अन्नद्रव्य कमी पडले, तर उत्पादन त्या एकापाशी अडते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लिबिग यांनी एकोणिसाव्या शतकात हा नियम लोकांपुढे आणला. स्फुरद कमी असेल तर युरियाची पोती ओतून भागत नाही. संगणकाचेही अगदी तसेच आहे. एक भाग महागडा आणि दुसरा दुबळा असेल, तर महागड्या भागाचे पैसे फुकट गेले म्हणून समजा.

ग्राफिक्स कार्ड. पडद्यावरचे चित्र हे कार्ड तयार करते. खेळाच्या संगणकात सर्वांत जास्त पैसा, साधारण एक तृतीयांश किंवा थोडा अधिक, इथे घालावा. १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या साध्या पडद्याला मध्यम कार्ड पुरते. २०२५ साली आलेले आरटीएक्स ५०६० हे ८ जीबी स्मृतीचे कार्ड या वर्गातले. त्याच वर्षी आलेले आरएक्स ९०६० एक्सटी ८ आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत मिळते. नाव एकच, पण माल वेगळा. बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल वाचता, तसा खोक्यावरचा जीबीचा आकडा वाचावा. चार-पाच वर्षे टिकवायचे असेल आणि झेपत असेल, तर १६ जीबीचे घ्यावे.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड. रायझन ५ ७६०० किंवा इंटेलचा आय फाइव्ह १२४००एफ, यांत सहा कोअर आहेत. मध्यम संगणकाला तेवढे पुरे. इंटेलच्या नावापुढचे "एफ" म्हणजे त्यात स्वतःचे चित्र काढण्याची सोय नाही. ग्राफिक्स कार्ड बिघडले तर पडदा काळाच राहील. मदरबोर्ड प्रोसेसरच्या खाचेला जुळणाराच लागतो. रायझन ७६०० ला एएम५ खाचेचा बोर्ड आणि डीडीआर५ रॅम लागते, डीडीआर४ त्यात बसतच नाही. आधी बोर्ड, मग रॅम, असे तपासूनच पैसे द्यावेत.

"आय सेव्हन आहे, स्वस्तात देतो" असे कुणी म्हटले, तर साल विचारा. २०११ चा आय सेव्हन २०२२ च्या आय फाइव्हपुढे कमी पडतो. शिवाय इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ ला चालत नाहीत, आणि विंडोज १० चा नियमित आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला.

रॅम आणि एसएसडी. रॅम १६ जीबी घ्यावी. ८-८ ची जोडी घेतली तर एका १६ पेक्षा वेग बरा मिळतो. एका बैलापेक्षा जोडी बरी ओढते, तसेच हे. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव एकदम चढले होते, म्हणून दोन-तीन दुकानांत त्या दिवसाचा भाव विचारूनच यादी पक्की करावी. एसएसडी १ टीबीची एनव्हीएमई असावी. एकेक मोठा खेळ १०० जीबीपर्यंत जागा खातो, ५०० जीबी लवकर भरते.

एसएमपीएस. आता मुख्य मुद्दा. विजेला योग्य रूप देऊन सर्व भागांना पुरवणारा हा डबा कुणाच्या नजरेत भरत नाही, म्हणून काटछाट इथेच होते. शहरात एक वेळ निभते, गावात निभत नाही. दाब २३० व्होल्ट असायला हवा, पण डीपीवरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की काय होते ते तुम्हाला सांगायला नको. कमी दाबाने जळालेली मोटार बहुतेक घरांनी पाहिली आहे. हलका एसएमपीएस जाताना मदरबोर्ड आणि कार्डही घेऊन जाऊ शकतो.

वर सांगितलेला संगणक भर खेळात साधारण ३०० वॅट घेतो. म्हणून ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ छाप असलेला, नामांकित कंपनीचा एसएमपीएस घ्यावा. त्यावर १०० ते २४० व्होल्ट असा पल्ला छापलेला असेल तर उत्तम. २०० ते २४० एवढाच असेल, तर दाब उतरताच संगणक बंद पडण्याचा संभव. कार्डासाठी आठ पिनांची वायर त्याला मुळातच असावी, जोडवायरीवर भागवू नये.

यूपीएस ६०० व्हीएचा घेतल्यास जेमतेम ३६० वॅट मिळतात. पडदा धरून ते काठावर येते, म्हणून १००० व्हीएचा बरा. घरातला इन्व्हर्टर साइन वेव्हचा नसेल तर हा संगणक त्यावर चालवू नये. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग नीट नाही. आधी वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्यावे, मगच संगणक लावावा. यात हयगय नको, प्रश्न मुलाच्या जिवाचा आहे.

कॅबिनेट. पुढून जाळी आणि किमान दोन पंखे असावेत. रंगीत दिव्यांचे पैसे वाचवून चांगल्या पंख्याला द्यावेत. मळणीच्या दिवसांत भुसा-धूळ उडते. महिन्यातून एकदा संगणक बंद करून, पिन काढून, जाळी पुसावी. पंख्यावर हवा मारताना पाते बोटाने धरून ठेवावे. पडद्याची वायर मदरबोर्डाला नव्हे, ग्राफिक्स कार्डाला लावावी. नवखे लोक हमखास इथे फसतात.

बिल. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून आणा की तालुक्याहून, प्रत्येक भागाचे जीएसटीचे पक्के बिल घ्यावे आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्यावा. हमी त्यावरच मिळते. जुने कार्ड घेताना जपून. इथेरियम या चलनाचे कार्डांवरचे उत्पादन सप्टेंबर २०२२ मध्ये थांबले आणि रात्रंदिवस राबलेली अनेक कार्डे बाजारात आली. तासभर चालवून पाहिल्याशिवाय जुना माल घेऊ नये.

शेवटी एक सुचवतो. आई-वडिलांनी मुलाला एक कागद द्यावा. एका बाजूला भाग, मध्ये भाव, आणि शेवटी "हाच का?" याचे उत्तर त्याच्या अक्षरात. ज्याला ही यादी समजावून सांगता येते, त्याने निम्मे काम शिकून घेतले. आणि तुम्हालाही कळेल, की पोरगा नुसता हट्ट करतो आहे की त्याने खरोखर अभ्यास केला आहे. यादी पटली नाही, तर कुठे पटली नाही ते त्याला सांगा. नुसते "नाही" म्हणून कागद परत करू नका.

कळावे.