शेजारी कोणाला म्हणावे?

गेल्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत मी ‘मानवता’ या विषयावर बोललो. टाळ्या पडल्या, बक्षीसही मिळाले. त्याच सुमारास माझ्या बाकावर बसणारा एक मित्र कॉलेजात येईनासा झाला. परीक्षेचा फॉर्म भरायला त्याच्याजवळ पैसे नव्हते, हे मला दोन महिन्यांनी कळले. त्याचे गाव माझ्या गावापासून एस. टी. ने अर्ध्या तासावर. पण ‘तो का येत नाही?’ एवढे विचारण्याचे माझ्याने झाले नाही.

मी ख्रिस्ती नाही. तरीही लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील ती गोष्ट वाचली आणि मी वरमलो. शेजारी कोणाला म्हणावे, असे एका शास्त्र्याने येशूला विचारले. उत्तरादाखल येशूने गोष्ट सांगितली. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एकाला मारून टाकून दिले होते. याजक आला, बाजूने गेला. लेवी आला, तोही गेला. मग आला तो शोमरोनी. ज्याच्या जातीला यहुदी लोक तुच्छ लेखीत. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेले. दुसऱ्या दिवशी दोन दीनार देऊन, अधिक खर्च झाल्यास परत येताना देईन, असे सांगून तो निघाला.

या गोष्टीत शोमरोन्याच्या तोंडी उपदेश नाही. आहेत ती केवळ कामे. आणि ‘परत येताना’ हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कळवळा घटकाभर टिकतो. काळजी दुसऱ्या दिवशीही चौकशी करते.

आपल्या महाराष्ट्रात ही गोष्ट जगून दाखविली पंडिता रमाबाईंनी. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात त्यांचे आईवडील व थोरली बहीण अन्नान्न करून गेली. म्हणूनच १८९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या व सुमारे तीनशे मुलींना आणून त्यांनी केडगावला आसरा दिला. तेथे नुसते अन्नछत्र उघडले नाही. मुलींना अक्षरओळख, शेती, विणकाम, छापखान्यातील काम शिकविले. भुकेल्याला भाकरी तर हवीच, पण उद्याची भाकरी मिळविण्याचे बळही हवे, हे ज्याने भूक सोसली त्यालाच नेमके कळते.

यावर कोणी म्हणेल, ही सेवा धर्मांतरासाठी होती. हा वाद जुना आहे. १८९३ साली याच कारणावरून रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनी शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. माझे मत स्पष्ट आहे: अट घालून केलेल्या मदतीला प्रेम म्हणता येणार नाही. शोमरोन्यानेही जखमी माणसाला त्याचा धर्म विचारला नव्हता. पण टीकाकारांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. त्या अनाथ मुली आपल्याच होत्या ना? मग त्यांना उचलायला आपण का गेलो नाही? त्या वाटेवर आपण कोण होतो?

मित्रहो, यरीहोची वाट आपल्या कॉलेजातूनही जाते. डबा आणला नाही म्हणून मधल्या सुट्टीत ग्रंथालयात जाऊन बसणारा, ऑफिसच्या खिडकीशी फॉर्म उलटसुलट करीत उभा असलेला कोणाचा तरी बाप, वसतिगृहात तापाने फणफणलेला सोबती, हे सारे त्याच वाटेवर आहेत. त्यांना आपल्या भाषणांचा काय उपयोग? कोणी थांबले तर उपयोग.

यंदा मी स्पर्धेत नाव दिले नाही. एका रविवारी त्या मित्राच्या गावी गेलो. तो आता वीटभट्टीवर जातो. मी उशिरा आलो, हे तो बोलला नाही. पण मला ते ऐकू आले. बहिःस्थ परीक्षेला बसायची त्याची इच्छा आहे. फॉर्म मी घेऊन जाणार आहे. आणि फॉर्म भरून झाला तरी परत जाणार आहे.