गावात तुमची ओळख

कॉलेजातला मुलगा गेम खेळत बसला की अम्मी-अब्बांना पडद्यावर तलवारच दिसते. जरा बाजूला, बाजारातली माणसं पाहा. त्यांना कुणी खेळाडू नाही, संगणक चालवतो. पूर्वी ती दिवसरात्र एकाच जागी उभी राहून एकच वाक्य बोलत. १९८८ च्या ‘अल्टिमा ५’मध्ये त्यांना दिनक्रम मिळाला : कामाची वेळ, जेवणाची वेळ, रात्री झोप. २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’ने पुढचं पाऊल टाकलं, पण तिथल्या माणसांच्या आपसातल्या गप्पा इतक्या विचित्र की लोक अजून हसतात!

माझ्या मते नुसत्या दिनक्रमाने जीव येत नाही. समोरच्याने आपली दखल घ्यावी लागते. २०१८ च्या ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’मध्ये १४०३ सालचा बोहेमिया आहे. (खेळ मोठ्यांसाठीच आहे, लहानांच्या हाती देऊ नका.) तिथे नायक मळक्या, रक्ताळलेल्या कपड्यांत आला तर लोक नाक मुरडतात. चोरी पकडली गेली की गावात नाव खराब होतं, दुकानदार भाव वाढवतो. चार लोकांचं भलं केलं तर तोच दुकानदार नरमतो.

आज मुलाला विचारा, त्या गावात तुझं नाव कसं आहे?