निजामाची टाकसाळ आणि मराठी अक्षर

हैदराबादेतील सैफाबादची टाकसाळ सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या कारकिर्दीत, १९०३ साली उभी राहिली. १९५० साली ती भारत सरकारकडे आली. १९९७ साली नाणी पाडण्याचे काम चेर्लापल्लीस गेले आणि जुन्या इमारतीतील यंत्रांची धडधड थांबली. पंचवीस वर्षांनी, २०२२ च्या जूनमध्ये, त्याच इमारतीचे संग्रहालय झाले. जेथे नाणी पडत तेथे आता नाण्यांचा इतिहास मांडला आहे. बंद पडलेल्या कारखान्याचा याहून चांगला उपयोग आम्हांस सुचत नाही.

परंतु सीमाभागातील माणसाने या वार्तेकडे केवळ कौतुकाने पाहून चालणार नाही. निजामी चलनात त्याच्याही घरची एक गोष्ट दडलेली आहे. नाणी टाकसाळीत पडत. नोटा मात्र १९१८ च्या कागदी चलनाच्या कायद्यानंतर निघू लागल्या. त्या नोटांवर उर्दू आणि इंग्रजीबरोबर तेलुगू, कानडी आणि मराठी भाषांतही किंमत छापलेली असे.

आम्ही निजामाचे गोडवे गात नाही. त्याच्या राज्यात दरबाराची भाषा उर्दू होती. रझाकारांचे अत्याचार मराठवाडा विसरलेला नाही आणि १७ सप्टेंबर १९४८ चा मुक्तिदिनही विसरलेला नाही. नोटेवर मराठी आली ती मराठीच्या प्रेमापोटी नव्हे. रयतेला जे वाचता येत नाही ते बाजारात चालत नाही, एवढा व्यवहार त्या राजवटीलाही कळत होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात आला. भालकी, औराद भागांतील मराठी माणूस मात्र म्हैसूर राज्यात गेला. त्याच दिवशी मुंबई राज्यातील बेळगाव, निपाणी, कारवारच्या मराठी जनतेवरही तीच वेळ आली. संस्थान वेगळे, प्रांत वेगळा, पण दुःख एकच! आज आमच्या हातात मत आहे, डोक्यावर राज्यघटना आहे. आणि तरीही आपल्या भाषेत एक उतारा, एक नोटीस मिळावी म्हणून आम्हांस अर्ज, मोर्चे आणि सत्याग्रह करावे लागतात. ज्या एका गोष्टीची गरज एकतंत्री सत्तेला पटली, ती लोकशाहीला का पटू नये?

महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याने दोन दशके उलटली तरी अंतिम निकाल पाहिलेला नाही. न्यायालयाचे काम न्यायालय करील. आमचे काम कोणते? घराघरांतील जुनी खरेदीखते, शाळांचे दाखले, नगरपालिकेच्या नोटिसा, दुकानांच्या वह्या, सत्याग्रहाची पत्रके हा आमचा खजिना आहे. वडीलधारी माणसे जात आहेत, वाडे पाडले जात आहेत आणि त्या कागदांची गाठोडी रद्दीवाल्याच्या तराजूत पडत आहेत. हा नाश कोणी परक्याने केलेला नाही; तो आम्हीच करीत आहोत.

म्हणून आमची सूचना अशी : प्रत्येक सीमागावाने एखादी पडीक वखार, एखादा बंद पडलेला कारखाना मालकाच्या संमतीने मिळवावा आणि तेथे गावचे संग्रहालय उभे करावे. छप्पर गळके असले तर प्रथम ते शाकारावे. पुरातन कागदाला पाऊस आणि वाळवी हे दोन शत्रू पुरेसे आहेत. तरुण मंडळांनी घरोघर फिरून नोंदी कराव्यात. त्या दालनात गावातील कानडी कागदही मानाने ठेवावा. आमचे भांडण कानडी शेजाऱ्याशी नाही, आणि खऱ्या पुराव्याला दुसऱ्या खऱ्या पुराव्याची भीती वाटण्याचे कारण नाही.

खोटे नाणे दगडावर आपटले की बद्द वाजते. आमचे नाणे खणखणीत आहे. पण ते वाजवून दाखवावयाचे तर आधी जपावयास हवे! सीमाबांधवहो, आज घरी गेल्यावर माळ्यावरची ती जुनी पेटी खाली उतरवा.