रिकामी खुर्ची कोणाची?

न्यायाधीशांनी कायदा करू नये, असे आपल्या बैठकांत वरचेवर ऐकू येते. तत्त्व आम्हालाही मान्य आहे. कायदा निवडून आलेल्यांनी करावा, कारण न्यायाधीशाला मतदार जाब विचारू शकत नाही. पण हे तत्त्व आम्हाला तलाकचा निकाल लागल्यावरच का आठवते? १९९७ मध्ये विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध नियम घालून दिले. संसदेला कायदा करायला २०१३ साल उजाडले. तोवर न्यायालयाचा शब्द हाच कायदा होता. तेव्हा आम्ही रस्त्यावर उतरलो नाही.

१९८५ च्या शहाबानो निकालात न्यायालयाने कुरआनच्या आयतींचा अर्थ लावला. ते काम न्यायालयाचे आहे का, हा प्रश्न रास्तच होता. पण त्या गदारोळात इंदूरच्या एका वृद्धेच्या पोटगीचा प्रश्न आम्ही विसरलो. पुढे २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबादेतील पूर्णपीठाने दगडू पठाण खटल्यात, आणि सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात, तलाकला सबळ कारण हवे आणि आधी दोन्हीकडच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न करायला हवा, असे सांगितले. समेटासाठी दोन्ही घरचा एकेक पंच नेमा, ही तर कुरआनचीच शिकवण. न्यायाधीशांनी यात नवे काय केले? आम्ही विसरलेले त्यांनी वाचून दाखवले.

२०१७ मध्ये शायरा बानो खटल्यात तीन विरुद्ध दोन मतांनी तिहेरी तलाक रद्द झाला. उरलेल्या दोघांनी हे काम संसदेवर सोपवले होते, अगदी आम्ही म्हणतो तसे. संसदेने २०१९ मध्ये कायदा केला आणि नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. तुरुंगातला नवरा पोटगी कुठून देणार? म्हणजे ज्यांनी करावा म्हणतो, त्यांनीच केलेला कायदा निकालापेक्षा कडक निघाला.

१९६६ मध्ये हमीद दलवाई सात मुस्लिम महिलांना घेऊन विधानभवनावर गेले होते. तेव्हापासून २०१७ पर्यंत एक्कावन्न वर्षे आमच्या हातात होती. निकाहनाम्यात एक अट घालायला कोणत्या न्यायाधीशाने आम्हाला अडवले होते? मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने काझींना तसा सल्ला देऊ असे लिहून दिले, तेही खटला सर्वोच्च न्यायालयात उभा राहिल्यावर.

आमच्या बहिणी हौसेने कोर्टाची पायरी चढल्या नाहीत. आधी त्यांनी आमचेच दार ठोठावले होते. न्यायाधीश आमच्या खुर्चीवर बसले अशी तक्रार करताना, ती खुर्ची रिकामी कोणी ठेवली तेही आम्ही सांगितले पाहिजे.