ठासणीच्या बंदुकीस दुर्बीण : किती शक्तीची आणि कोणास?

कोकणात भात लोंबीवर आले म्हणजे रानडुकरांचा उपद्रव सुरू होतो आणि परवानाधारक शेतकऱ्याच्या घरातील ठासणीची बंदूक खुंटीवरून खाली उतरते. कित्येक घरांत ही बंदूक आजोबांच्या वेळेपासून चालत आलेली आहे. अलीकडे त्या घरांतील तरुण मंडळी अमेरिकेतील हरणांच्या शिकारीची चित्रे पाहतात. तेथील बंदूकही ठासणीचीच, परंतु तिच्या पाठीवर दुर्बीण बसवलेली असते. तेव्हा आपल्याही बंदुकीस दुर्बीण का असू नये, आणि घ्यावयाची झाल्यास ती किती शक्तीची घ्यावी, असे दोन प्रश्न साहजिकच निघतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील अनुभवावरून चांगले देता येते, आणि ते समजले म्हणजे पहिल्याचे उत्तर शोधण्यास दूर जावे लागत नाही.

प्रथम हे ध्यानात घ्यावयास हवे की, अमेरिकन शिकाऱ्याची ठासणीची बंदूक म्हणजे रायफल होय. तिच्या नळीत आटे पाडलेले असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. तेथील बहुतेक राज्यांत अशा बंदुकांसाठी शिकारीचा वेगळा हंगाम राखून ठेवलेला आहे. पेनसिल्व्हेनिया राज्याने १९७४ साली असा हंगाम सुरू केला, तो केवळ चकमकीच्या बंदुकीपुरता होता. पुढे १९८५ साली मिसूरी राज्यातील टोनी नाइट यांनी अशी रायफल तयार केली की, जिच्यात टोपीची ठिणगी नळीच्या मागून सरळ रेषेत दारूवर पडते. जुन्या बंदुकीचा घोडा कडेला असतो आणि टोपीचा धूर व जाळ थेट वर उडून भिंगावर बसतो. नव्या रचनेत ती अडचण बरीच कमी झाली, दुर्बीण बसवण्यास जागा मोकळी झाली, आणि तेव्हापासून या दुर्बिणींचा बाजार वाढला. तथापि कल्पना नवी नव्हे. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे विल्यम माल्कम हे १८५५ च्या सुमारास बंदुकीच्या दुर्बिणी बनवीत असत. त्या नळीइतक्याच लांब असत आणि १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात नेमबाजांनी तशा दुर्बिणी ठासणीच्या रायफलींवर वापरल्या.

दुकानदार ग्राहकापुढे प्रथम शक्तीचा आकडा ठेवतो : नऊपट, बारापट, सोळापट. या आकड्यावरून निवड करणे हीच या व्यवहारातील सर्वांत महाग चूक होय. दुर्बीण बंदुकीचा पल्ला वाढवीत नाही. साध्या मापाने म्हणजे १०० ग्रेन, सुमारे साडेसहा ग्रॅम, दारू भरलेल्या रायफलीची गोळी सेकंदास सोळाशे फुटांच्या आसपास वेगाने निघते आणि वेगाने मंदावते. शंभर यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरांवर, नेम जुळवून ठेवला असेल तर दोनशे यार्डांवर तीच गोळी फूट-दीड फूट खाली जाते. वाऱ्याने कडेला किती सरकेल हे निराळेच. सोळापट शक्तीच्या भिंगातून दोनशे यार्डांवरील हरिण अंगणात उभे असल्यासारखे दिसते, आणि मनुष्य चाप ओढतो. गोळी पोटात किंवा पायात लागते. दुसरा बार ठासण्यास अर्धे मिनिट तरी जातेच, त्यात पहिल्या बाराचा धूर समोर असतो. जखमी जनावर झाडीत जाऊन दोन दिवसांनी मरते आणि कोणाच्याही उपयोगी पडत नाही. अधिक शक्तीच्या दुर्बिणीचे हे खरे मोल आहे, आणि ते जनावर देते.

प्रकाशाचा विचार केला तरी निर्णय हाच येतो. हरणे उजाडताना व मावळताना बाहेर पडतात. दुर्बिणीच्या पुढील भिंगाच्या व्यासास शक्तीने भागले असता डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ३२ मिलिमीटर भिंगाच्या चौपट दुर्बिणीत ती ८ मिलिमीटर येते, तर ४० मिलिमीटर भिंगाच्या नऊपट दुर्बिणीत जेमतेम साडेचार. अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर उघडते, वय वाढेल तशी कमी. अर्थात तरुण डोळ्यास संधिप्रकाशात चौपट दुर्बीण पुरेपूर उजेड देते आणि नऊपट दुर्बीण तो अडवते. शिवाय शंभर यार्डांवर चौपट दुर्बिणीतून सुमारे २८ ते ३० फुटांचा पट्टा दिसतो, नऊपटीतून त्याच्या निम्माही नाही. झाडीतून चाललेले जनावर एवढ्या अरुंद खिडकीत सापडवण्यातच वेळ जातो. हाताचा कंपही त्याच प्रमाणात मोठा दिसतो.

यावरून अमेरिकेतील झाडीच्या मुलखातील शिकाऱ्याने स्थिर चौपट किंवा दुपट ते सातपट बदलती दुर्बीण घ्यावी आणि बदलती असल्यास ती एरवी खालच्या आकड्यावर ठेवावी, हे मत स्वीकारण्यास हरकत नाही. पश्चिमेकडील उघड्या माळरानावर तिपट ते नऊपट चालते. त्याहून अधिक शक्ती ही बंदुकीच्या उपयोगाची नसून मित्रमंडळींत दाखवण्याच्या उपयोगाची आहे.

शक्तीपेक्षा डोळ्याचे अंतर अधिक महत्त्वाचे आहे, आणि त्याबद्दल जाहिरातीत क्वचितच लिहिलेले असते. पूर्ण चित्र दिसण्यासाठी डोळा मागील भिंगापासून जितका दूर ठेवता येतो ते हे अंतर होय. भरपूर दारूच्या बारास धक्काही तसाच मोठा बसतो, आणि अंतर कमी असल्यास दुर्बिणीची कड भुवईवर आदळून जखम करते. साडेतीन इंच, म्हणजे ९ सेंटिमीटरांहून कमी अंतराची दुर्बीण या कामास घेऊच नये. चार इंच असल्यास उत्तम. लहान काडतुशी रायफलीसाठी बनवलेल्या स्वस्त दुर्बिणी येथे निकामी ठरतात. त्या बहुधा ५० यार्डांच्या हिशेबाने जुळवलेल्या असतात, म्हणून दूरच्या लक्ष्यावर डोळा किंचित हलला की तारांचा छेदही हललेला दिसतो.

नेमाच्या तारांखाली निरनिराळ्या अंतरांसाठी खुणा आखलेल्या दुर्बिणीही मिळतात. त्या एका विशिष्ट गोळीच्या व विशिष्ट मापाच्या दारूच्या हिशेबाने आखलेल्या असतात. दारूचे माप बदलले की त्या खुणा खोटे बोलू लागतात. साध्या दोन तारा, आणि त्या मंद प्रकाशात दिसतील इतक्या जाड, हेच बरे. पैसा वाचवावयाचाच असेल तर भिंगावर वाचवावा, बैठकीवर नव्हे. बैठकीचा एक स्क्रू सैल असला तर उत्तमोत्तम भिंगही व्यर्थ. तसेच दारूच्या जळक्या राखेतील क्षार हवेतील ओल शोषून गंज चढवतात, म्हणून नळी धुताना दुर्बिणीच्या खालची जागाही पुसावी लागते. नेम जुळवताना प्रत्येक बारानंतर नळी पुसून घ्यावी, नाहीतर राखेमुळे हुकलेल्या गोळीचा दोष दुर्बिणीस लागतो.

खरेदीपूर्वी नियम पाहणेही आवश्यक. कोलोरॅडोत ठासणीच्या हंगामात दुर्बिणीस मनाई आहे. युटाने २०१६ साली मोठे करून दाखवणाऱ्या दुर्बिणींस मुभा दिली आणि २०२४ साली ती पुन्हा आवरली. जनावराला निसटण्याची संधी राहावी हा या बंधनांमागील हेतू असून तो योग्यच आहे.

या सर्वांहून गंभीर मुद्दा ओळखीचा आहे. बंदुकीवरील दुर्बिणीने हालचाल कसली आहे हे पाहू लागणे म्हणजे अनोळखी वस्तूवर भरलेली बंदूक रोखणे होय. झुडपामागे सोबती असू शकतो, गवत कापणारी बाई असू शकते. समंजस शिकारी ओळख पटवण्यासाठी गळ्यात वेगळी हातदुर्बीण ठेवतो. हा प्रश्न परदेशापुरता नाही. २०२५ च्या प्रारंभी पालघर जिल्ह्यातील मनोर परिसरात रानडुकराच्या शिकारीस गेलेल्या मंडळींपैकी एकाचा, डुक्कर समजून झाडलेल्या गोळीने प्राण गेला.

आता आपल्या बंदुकीकडे वळावे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि कोकणातील घरांत असलेल्या अशा बहुतेक बंदुकांची नळी आतून गुळगुळीत असते. तिच्यातून छर्रे उडवल्यास तीस-चाळीस यार्डांपलीकडे ते पांगतात. एकच गोळी ठासली तरी पन्नास यार्डांपुढे तिचा भरवसा नाही. इतक्या अंतरावर जे उघड्या डोळ्यास दिसत नाही, त्यावर बार काढणेच गैर आहे. शिवाय घोडा कडेला असल्याने टोपीचा जाळ भिंगावर येणार, आणि जुन्या नळीवर बैठकीसाठी भोके पाडल्यास नळी कमकुवत होऊन फुटण्याचा धोका. तेव्हा या बंदुकीस कोणत्याही शक्तीची दुर्बीण नको, हे निःसंदिग्धपणे सांगावयास हवे. तेच पैसे कुंपणाच्या तारेस लावले तर पीक अधिक राखले जाईल.

परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, डुक्कर मारण्याचा नव्हे, ही गोष्टही पुष्कळांच्या ध्यानात नसते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमातील दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली असून रानडुक्कर आता दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाची नासधूस करणाऱ्या जनावरास मारण्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी अकराव्या कलमान्वये घ्यावी लागते. तिच्यासाठी पीक उभे असतानाच वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात चौकशी करावी.

परवानगी मिळाल्यावर शेतकऱ्याने मांगराच्या दारातून समोर आडवा बार काढण्याऐवजी उंच माळ्यावरून काढावा, म्हणजे चुकलेली गोळी शेजाऱ्याच्या वाडीत न जाता मातीत जाते. आणि संध्याकाळी नेम नीट दिसावा म्हणून नळीच्या तोंडाशी असलेल्या माशीवर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका द्यावा. डबीतील उरलेल्या रंगातही ते काम होते.