राजन कुठे आहे?

मित्रांनो, एक प्रश्न विचारते. उद्या पहाटे तुमच्या विंगमधल्या एका मुलाला पोलीस घेऊन गेले. दुपारी त्याचे वडील चौकीवर पोचले तर उत्तर मिळालं, "या नावाचं कुणी आमच्याकडे आणलेलंच नाही." मग? कुठे जायचं त्या माणसाने?

हे मी मनाचं लिहीत नाहीये. १ मार्च १९७६ च्या पहाटे कालिकतच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजमधून (आजचं एनआयटी) पी. राजन या फायनल इयरच्या मुलाला केरळ पोलीस घेऊन गेले. त्याच सुमारास तिकडच्या कायण्णा पोलीस ठाण्यावर नक्षलवाद्यांनी हल्ला केला होता आणि संशयितांची धरपकड चालू होती. राजन युवा महोत्सवाहून नुकताच परत आला होता. त्याला कक्कयम नावाच्या ठिकाणी पोलिसांच्या कॅम्पवर नेलं. वॉरंट नाही, मॅजिस्ट्रेट नाही, रजिस्टरात नाव नाही. त्याचे वडील ईचर वारियर हे हिंदीचे प्राध्यापक. ते सगळीकडे फिरले. गृहमंत्र्यांना भेटले, दिल्लीला अर्ज पाठवले. मुलगा कुठे आहे एवढं एक वाक्य कुणी सांगेना.

तुम्ही म्हणाल, सरळ कोर्टात का नाही गेले? तिथेच तर खरी गोची आहे.

आम्हाला शाळेत सिव्हिक्सला पाच रिट्स पाठ करायला होत्या. हेबियस कॉर्पस, मँडॅमस, प्रोहिबिशन, सर्शिओरारी, को वॉरंटो. एक राहिली की एक मार्क गेला. त्यातल्या पहिलीला मराठीत 'बंदीप्रत्यक्षीकरण' म्हणतात (एका दमात म्हणून दाखवा!). आमच्या कॉन्व्हेंटच्या मराठीला हा शब्द झेपणारा नाही, पण अर्थ अगदी साधा आहे. ज्याला कोंडलंय त्याला कोर्टापुढे उभं करा आणि कुठल्या कायद्याने कोंडलंय ते सांगा. तो चांगला की वाईट, गुन्हेगार की निर्दोष, हे सगळं नंतर. आधी, तो आहे कुठे? इलेक्ट्रिकलवाल्यांच्या भाषेत ही घराची अर्थिंग आहे. रोज तिच्याकडे कुणी बघत नाही. काढून टाकली की शॉक कुणाला बसणार ते मात्र आधी सांगता येत नाही.

२५ जून १९७५ ला आणीबाणी आली आणि दोनच दिवसांनी ही अर्थिंग काढली गेली. राष्ट्रपतींचा आदेश निघाला की कलम १४, २१ आणि २२ खालच्या हक्कांसाठी कोर्टात दाद मागता येणार नाही. 'मिसा' हा कायदा १९७१ पासून होताच, आता त्यात दुरुस्ती करून स्थानबद्ध माणसाला कारण सांगायचीही गरज ठेवली नाही. शहा आयोगाच्या आकड्यांप्रमाणे नुसत्या मिसाखाली सुमारे ३५ हजार लोक आत गेले. तरीही नऊ उच्च न्यायालयांनी, त्यात आपलं मुंबई उच्च न्यायालयही आलं, सांगितलं की अटक कायद्याला धरून आहे का एवढं तरी आम्ही बघणार. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. सुनावणीत न्या. एच. आर. खन्ना यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं की एखाद्या पोलिसाने वैरापोटी कुणाला ठारच मारलं तर काय? उत्तर आलं, आणीबाणी आहे तोवर कोर्टात इलाज नाही. २८ एप्रिल १९७६ ला पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारचं म्हणणं मान्य केलं. त्या चौघांत आपले यशवंतराव चंद्रचूड होते, हेही लिहिलं पाहिजे. एकटे खन्ना विरोधात गेले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केलं आणि त्यांनी राजीनामा दिला.

निकाल लागला तेव्हा राजनला नेऊन जवळजवळ दोन महिने झाले होते.

आता माझा मुद्दा. राजनला मिसाखाली धरलेलं नव्हतं. त्याच्या नावाचा कागदच नव्हता. म्हणून काहीजण म्हणतात की ती काही पोलिसांची मनमानी होती, कायद्याचा काय दोष? मला हे पटत नाही. जिथे कागद करून आत टाकलेल्या हजारो लोकांबद्दल कोर्ट काही विचारू शकत नाही, तिथे कागद करायचे कष्ट तरी कोण घेईल? वरच्यांनी एकदा सांगितलं की 'का' ते विचारायचं नाही, की खालचे 'कुठे' हेही सांगायचं बंद करतात. आपल्याकडे मिसाबंदी म्हटलं की मानधन चालू झालं, बंद झालं, पुन्हा चालू झालं एवढीच बातमी येते. मानधन द्यायला माझी हरकत नाही. पण राजनसारख्यांची नावं त्या यादीत कधीच येणार नाहीत.

मार्च १९७७ मध्ये आणीबाणी उठली आणि वारियर सर त्याच महिन्यात केरळ उच्च न्यायालयात गेले. आणीबाणीतले गृहमंत्री के. करुणाकरन तेव्हा नुकतेच मुख्यमंत्री झाले होते. सरकारी बाजूने शपथेवर सांगितलं गेलं की राजनला पकडलंच नव्हतं. वडिलांच्या हातात काय होतं? कॉलेजच्या प्रिन्सिपलनी मुलाला पोलिसांनी नेल्याचं कळवणारं पत्र, आणि ज्यांनी त्याला नेताना किंवा कॅम्पवर पाहिलं होतं त्यांच्या साक्षी. बस्स. एवढ्यावर कोर्टाने १३ एप्रिलला ठरवलं की राजन पोलिसांच्याच ताब्यात होता, त्याला हजर करा. हजर करायला राजन शिल्लक नव्हता. तो पोलिसांच्या ताब्यात असतानाच मेला हे सरकारला कबूल करावं लागलं. करुणाकरन यांचं मुख्यमंत्रिपद महिन्याभरात गेलं. राजनचा देह कधीच मिळाला नाही. ईचर वारियर २००६ मध्ये वारले. कालिकतला 'रागम' नावाचं कल्चरल फेस्टिव्हल होतं ना, ते राजनच्या आठवणीत भरतं. आपल्या डान्स ग्रुपमधल्या किती जणांना हे माहीत आहे?

मेसमध्ये हा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं. "अतिरेक्यांना कसले हक्क? सरळ आत टाका." बरं, तेही बघू. कसाबला २००८ मध्ये मुंबईत जिवंत पकडलं. त्याला वकील दिला, आर्थर रोडला खटला चालवला, मे २०१० मध्ये शिक्षा झाली, सुप्रीम कोर्टापर्यंत अपील झालं आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये येरवड्याला फाशी झाली. तेव्हा बिर्याणीवरून काय काय बोललं गेलं ते मोठ्यांना आठवत असेल. पण चार वर्षांत सगळं संपलं. शिवाय त्याच खटल्यात आरोपी असलेले दोन भारतीय पुराव्याअभावी सुटले. खटलाच नसता तर ते दोघे आजही 'कसाबचे साथीदार' म्हणून आत असते. उलट अमेरिकेने जानेवारी २००२ मध्ये ग्वांतानामो उघडलं, सुमारे ७८० माणसं तिथे नेली, त्यांतल्या बहुतेकांवर कधी आरोपच ठेवला नाही. आणि ज्याच्यावर ९/११ चा मुख्य ठपका आहे त्या खालिद शेख मोहम्मदला २००३ मध्ये पकडूनही वीस वर्षांत त्याच्या खटल्याचा निकाल लागला नाही! ज्यांचे नातेवाईक गेले त्यांना न्याय कुठे लवकर मिळाला, मुंबईत की तिकडे? खटला म्हणजे आरोपीचे लाड असं ज्यांना वाटतं त्यांनी हे गणित सोडवून दाखवावं.

आज आणीबाणी नाही, मान्य. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जगण्याचा हक्क आणीबाणीतही काढता येत नाही. १९७६ चा तो निकाल सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये रद्द केला, आणि तसं लिहिणाऱ्यांत यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. तरी प्रतिबंधक स्थानबद्धता आपल्या घटनेत कलम २२ मध्ये अजून आहे. त्यात वकिलाचा हक्क नाही, आणि सल्लागार मंडळाचं मत न घेता तीन महिने आत ठेवता येतं. राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली तर एक वर्षापर्यंत. ४४ व्या दुरुस्तीने त्या तीन महिन्यांचे दोन महिने केले होते. पण तेवढं कलम अमलात आणायची अधिसूचना एकाही सरकारने काढलेली नाही. एकाही म्हणजे एकाही, सगळे पक्ष आले त्यात. यूएपीएमध्ये जामीन इतका अवघड आहे की खटला उभा राहायच्या आधीच शिक्षा भोगून होते. पार्किन्सन्स झालेले फादर स्टॅन स्वामी ऑक्टोबर २०२० पासून आपल्या तळोजा जेलमध्ये होते. ५ जुलै २०२१ ला वयाच्या ८४ व्या वर्षी ते गेले, तेव्हा खटला सुरूही झाला नव्हता. त्यांच्यावरचे आरोप खरे होते की खोटे, हे सांगायची संधी आता कुठल्याच कोर्टाला नाही.

शेवटी रेक्टर सरांना एक विनंती. १९९६ च्या डी. के. बसू निकालात सुप्रीम कोर्टाने अटकेचे नियम घालून दिले आहेत: अटकेचा मेमो, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाईक किंवा मित्राला कळवणं. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेणं तर घटनेतच आहे. हे एका पानात मराठीत बसतं. मी टाइप करून देते. मेसच्या नोटीस बोर्डवर मेनूच्या शेजारी लावू या, आणि खाली होस्टेल ऑफिसचा रात्री उचलला जाणारा फोन नंबर. (सध्या जो लावलाय तो रात्री कुणी उचलत नाही, हे सर्वांना माहीत आहे.)